पाण्यात काही नाही

ढोबळे बाईंनी पहिल्याच दिवशी माझ्याकडून एकच बाटली चार वेळा धुऊन घेतली. मी नुकतीच एम.एस्सी. होऊन नागपूरच्या सरकारी प्रयोगशाळेत लागले होते, बाई तिथल्या सर्वांत जुन्या. बाटली उजेडात धरून म्हणाल्या, "काहून घाई करून राहिली वं? कालच्या पाण्याचं पाप आजच्या माशाच्या माथी नको."

सत्तरच्या दशकातली गोष्ट. शहराबाहेरच्या वाडी गावाजवळ एका लहान तळ्यात ट्रक धुवायचे. त्यांतून फवारणीच्या औषधाची पोती जात. मासे मरू लागले तेव्हा तिथल्या मासेमार ढिवरांनी अर्ज केला आणि पाणी तपासायचं पत्र आमच्याकडे आलं. बाईंनी पाण्यासोबत गाळ आणला, मासेही आणले. वासानं कारकून वैतागले. माझी तर रोज बस चुकायची.

"बाई, पत्रात फक्त पाणी लिहिलंय," मी एकदा चिडून म्हटलं.

"पत्र लिहिणाऱ्यानं तळं पाह्यलं काय?"

पाण्यात काहीच सापडलं नाही. गाळात आणि माशात मात्र औषध निघालं. बाईंनी तीच तपासणी आणखी दोनदा करायला लावली. तिन्ही वेळा तेच निघालं.

प्रयोगशाळेचे साहेब म्हणाले, "मग पाण्यात नाही, एवढंच लिहा."

"साहेब, हे औषध पाण्यात विरघळतच नाही. गाळात बसते, माशाच्या चरबीत बसते."

"आपल्याला पाणी विचारलंय."

बाईंनी दोनदा पूर्ण अहवाल लिहिला, दोनदा तो परत आला. शेवटी साहेबांनी, पाण्यात काही नाही, असा दोन ओळींचा कागद माझ्यापुढे ठेवला. माझी नोकरी अजून कायम व्हायची होती. मी सही केली.

बाईंनी तो वाचला. "खोटं काहीच नाही यात," म्हणाल्या. "घे, अन् चाल माझ्यासंग."

तळ्याकाठी पार्वती ढिवरीण मासे कापत बसली होती. बाई तिला म्हणाल्या, "हिनं तपासलं. हिलेच विचार, खायचे का नाही."

पार्वतीनं हातातला मासा माझ्यापुढे धरला. माझ्यानं राहवलं नाही. "खाऊ नका. विकूही नका."

"मंग कागदात काय लिवलं?"

मी वाचून दाखवलं. ती म्हणाली, "कागद खरा का तुमी खऱ्या?"

बाईंनी मला तिच्यापुढे उभं केलं म्हणून परतताना मी रागानं त्यांच्या पुढे झपाझप चालत आले. दुसऱ्या दिवशी त्याच कागदावर मी गाळाचं आणि माशाचं लिहून खाली पुन्हा सही केली. शाबासकीची वाट पाहत होते. बाई म्हणाल्या, "तारीख राहिली."

तो अहवाल साहेबांच्या कपाटात गेला आणि माझी नोकरी कायम व्हायला आणखी एक वर्ष लागलं. पार्वतीनं मात्र मासे विकणं सोडलं. हे कळलं तेव्हा मला वाटलं, चला, निदान एका माणसानं तरी ऐकलं.

बाई निवृत्त व्हायच्या आठवड्यात आम्ही पार्वतीला भेटायला गेलो. ती घरी नव्हती. मासे सोडल्यापासून ती तिथे मजुरीला जाते म्हणत शेजारणीनं रस्त्यापलीकडचं गोदाम दाखवलं. आत पार्वती तोंडाला पदर बांधून फाटक्या पोत्यांतून सांडलेली पांढरी पावडर झाडत होती. तळ्यात धुतल्या जाणाऱ्या ट्रकांमधलं औषध ते हेच.

बाई दारातच थबकल्या. इतक्या वर्षांत त्यांनी माझं मत कधी विचारलं नव्हतं, फक्त सांगितलं होतं.

"आता हिले काय सांगू वं?"

 एवढं म्हणून त्या पदर खोचून गोदामाच्या मालकाला शोधायला आत शिरल्या. मीही मागोमाग गेले.