मामाने ऐकलेली शांतता

दाढी उरकली की मामा रोज नव्या अल्बमचं नुसतं मुखपृष्ठ बघायचा, कागदाच्या कपट्यावर दहापैकी गुण लिहायचा आणि कपटा पुस्तकात दडवायचा. मग हेडफोन लावून ऐकायला बसायचा. ऐकून झाल्यावर द्यावेसे वाटणारे गुण बहुतेक तेच असायचे.

"मग ऐकतोस कशाला?" ताई, म्हणजे त्याची थोरली बहीण, विचारायची.

"खात्री करायला."

सव्वीस वर्षं तो एका साप्ताहिकात नव्या अल्बमांवर लिहीत होता. पॉपवाल्यांना गोड बोलून सोलायचा. एका इलेक्ट्रॉनिक अल्बमबद्दल त्याने लिहिलं होतं, "शेजारचं वॉशिंग मशीन बंद झालं, तेव्हा कुठे मला कळलं की अल्बम अजून सुरू व्हायचाय." नात्यातल्यांवर मात्र तो लिहीत नसे.

म्हणून ताईच्या लेकीने आपला पहिला रॅप अल्बम टोपणनावाने पाठवला. घरचं कौतुक तिला पोटभर मिळालं होतं आणि त्यावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. तिला मामाचा शब्द हवा होता. अल्बम म्हणजे आईलेकीचं भांडण: उजव्या कानात लेक, यंत्राने ओळखू न येईलसा केलेल्या आवाजात, आणि डाव्या कानात आई. आईचा भाग खुद्द ताईने, कपड्यांच्या घड्या घालता घालता, रेकॉर्ड केला होता आणि आपला आवाज यंत्राने बदलायला साफ नकार दिला होता.

परीक्षण छापून आलं. दहापैकी नऊ! भाचीने ते उभ्या उभ्या, मोठ्याने वाचलं. "यातली आई एक अक्षरही बोलत नाही. लेकीच्या प्रत्येक प्रश्नानंतरची ती शांतता अंगावर काटा आणते."

"एक अक्षरही?" ताई कडाडली. "चाळीस मिनिटं घसा फोडलाय मी!"

भाचीला हसू आलं आणि तिथेच विरलं. ताईची हाक जिन्यातून ओळखणाऱ्या मामाला तिचा आवाज ऐकूच आला नव्हता.

दोघी तडक त्याच्या घरी गेल्या.

"मामा, हेडफोन उलटे घाल."

"का गं?"

"घाल तर."

अल्बम सुरू झाला. मामा ताठ बसला. "ताई?"

"ओळखलंस एकदाचं! कान कधी गेला?"

"होतील दोन वर्षं. डावा आता नुसता चष्मा धरून ठेवतो." तो हसला, पण हात हेडफोनच्या वायरशी चाळा करत होता. "संपादकांना सांगू नका. सदर गेलं तर मी सकाळी उठून करू काय?"

"आणि माझे नऊ?" भाचीने विचारलं.

मामाने त्या दोघींना घालवून दिलं आणि सगळा अल्बम ऐकला, दोन्ही बाजूंनी.

पुढच्या अंकात आलं: "मागच्या खेपेला मी अर्धाच अल्बम ऐकला, कारण माझा एकच कान चालतो. ही मुलगी माझी भाची निघाली, तेव्हा हेही तोलूनमापूनच घ्या. पूर्ण ऐकल्यावर गुण सात. लेक खरं बोलते. आई फार बोलते."

ताईने आठ दिवस अबोला धरला. संपादकांनी सदर चालू ठेवलं. एका कानाने का होईना, ऐकणारा समीक्षक त्यांना दुसरा मिळेना. भाचीने नऊ गुणांचं परीक्षण रद्दीत दिलं आणि साताचं कापून आरशाला चिकटवलं.

पुढे पाच वर्षं मामा प्रत्येक अल्बम दोनदा ऐकत राहिला, एकदा हेडफोन सुलटे, एकदा उलटे. मग आजारी पडला. शेवटच्या सकाळी ताई पलंगाच्या डाव्या अंगाला बसून त्याला औषधांवरून झापत होती. त्याने सावकाश मान वळवली.

"ताई, या बाजूला ये. तिकडून तुझं सगळंच पटतं."