मामाचं रक्त बाहेर फिरून येतं

माझा मामा लिफ्ट दुरुस्त करतो. अडकलेल्या लिफ्टच्या छपरातल्या झडपेतून उतरताना गेल्या वर्षी तो स्वतःच पोटापाशी अडकला. आत अडकलेल्या बाईंनीच खालून ढकलून त्याला वर काढलं. त्याच आठवड्यात त्याने वजन कमी करायच्या ऑपरेशनची तारीख घेतली.

ऑपरेशन झकास झालं. पोट कापून केळ्याएवढं ठेवलं. घरी आल्यावर ताप भरला. आता लिफ्टवाल्यांची एक खोड असते: अलार्म वाजला की आधी रीसेट मारायचा, कारण दहातले आठ खोटेच निघतात. मामाने तापालाही रीसेट मारला. चौकशीसाठी हॉस्पिटलचा रोजचा फोन यायच्या आधी गुपचूप तापाची गोळी, मग थर्मामीटर, मग खर्जातला आवाज, "ताप? छे हो सिस्टर, ठणठणीत आहे." असे तीन दिवस. चौथ्या दिवशी बाथरूममध्येच आडवा.

पोटाची शिवण उसवली होती, घाण थेट रक्तापर्यंत पोचली होती. डॉक्टरांनी नळी घालून पू काढला, अँटिबायोटिक चढवलं, तरी ब्लडप्रेशर वर येईना. मग मानेत एक जाड नळी बसवली. तिच्यातून रक्त बाहेर येतं, डब्याएवढ्या फिल्टरमधून गाळून परत आत जातं.

"ही जादू नाही हं," डॉक्टर नाकातून म्हणाले. "थोडी उसंत मिळेल, एवढंच. नळी दुमडली तर रक्त गोठेल. उपटली तर संपलंच."

म्हणजे मामाने हलायचं नाही. छताकडे बघायचं, बस. आणि मशीन तर सारखी टीं-टीं करणार. टीं झालं की मामाचा हात आपोआप वर.

"काका, हात खाली," पलंगापाशी बसलेली आयसीयूची सिस्टर म्हणाली. "मशीनला हात लावायचा पगार मला मिळतो."

"आवाज कसला ते तरी सांगा."

"तुम्ही मान वाकडी केलीत, त्याचा."

"जन्मभर माझं ऐकलं नाही," मामी म्हणाली, "निदान तिचं ऐका."

दुपारी दुसरा फिल्टर लागला. प्रेशर जरासं वर आलं होतं, अजून एक दिवस काढायचा होता. मामाला डुलकी लागली आणि हात थेट मानेवर गेला. सिस्टरने झेप घेऊन धरला. मामा जागा झाला, आपल्याच हाताकडे बघत राहिला.

"बांधा मला," तो म्हणाला.

"अहो, काहीतरीच काय," मामी म्हणाली.

"झोपेत उपटेन मी. बांधा."

डॉक्टरांना विचारून सिस्टरने मऊ पट्ट्यांनी दोन्ही मनगटं पलंगाला बांधली. मामी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मामाने एकेक हात ओढून पाहिला.

"डावी सैल आहे," तो म्हणाला.