तातोबांचा अंगठा

"पुन्हा तेच," मालकांनी दुसरं प्रूफ माझ्या टेबलावर टाकलं. "तातोबांना सांगा, शनिवारपासून येऊ नका."

सांगलीतल्या एका छापखान्यात मी प्रूफरीडर होतो. दुसरी जागतिक लढाई नुकतीच संपली होती. शेतकी खात्यातल्या चौगुलेसाहेबांची उसाच्या रोगावरची पुस्तिका आमच्याकडे आली होती. क्युबातल्या ऊसवाल्यांना पाठवायची, म्हणून अर्धी इंग्रजी, अर्धी स्पॅनिश. स्पॅनिश त्यांनी पुण्याच्या एका पाद्रीबाबांकडून करून आणलं होतं.

इंग्रजी शीर्षकात जवळजवळ प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल. स्पॅनिशमध्ये फक्त पहिल्या शब्दाचं. मला कुठलं माहीत? मी अख्खं स्पॅनिश शीर्षक इंग्रजीसारखं 'सुधारून' ठेवलं होतं. चौगुलेसाहेब हसले आणि त्यांनी ते पूर्ववत केलं.

घोडं अडलं प्रश्नचिन्हावर. स्पॅनिशमध्ये प्रश्नाच्या आधीही एक लागतं, तेही उलटं. आमच्याकडे तसला खिळा, म्हणजे छपाईचं शिशाचं अक्षर, नव्हता. नेहमीचाच उलटा करून लावा, असं मी तातोबांना, म्हणजे खिळे जुळवणाऱ्या आमच्या सगळ्यात जुन्या कंपोझिटरला सांगितलं. दोन्ही वेळा ते "व्हय" म्हणाले. दोन्ही वेळा तो सरळच छापून आला.

"तातोबा, मुद्दाम करताय का?"

"आवं, न्हाई वो. मी उलटाच लावतोय. सरळ कवा हुतो, माझं मलाच कळंना." मग हळूच म्हणाले, "नजर गेली म्हनायची आता."

नजर गेलेल्या कंपोझिटरला कुठलाच छापखाना दारात उभं करत नाही. मला फार वाईट वाटलं. शनिवारचं काही बोललो नाही. त्यांच्याशेजारी स्टूल ओढून बसलो.

खिळ्याच्या अंगाला एका बाजूने खाच असते. खिळा सुलटा आहे की उलटा, हे कंपोझिटर त्या खाचेवरून ओळखतो. तातोबांनी प्रश्नचिन्ह उलटं लावलं. अगदी बरोबर. ओळ भरली, तसा त्यांचा अंगठा सगळ्या खाचांवरून फिरला. त्या प्रश्नचिन्हाशी खाच लागली नाही, ती मागच्या बाजूला गेली होती. अंगठा थांबला, नखाने खिळा उचलला, फिरवून परत बसवला. त्या वेळी तातोबा पुढची ओळ वाचत होते. पंचवीस वर्षांची सवय होती ती.

मी कानस मागवली आणि आठ प्रश्नचिन्हांना पाठीमागूनही खाच पाडली.

"टाईप खराब करताय," मालक कुरकुरले.

"आठच केलेत," मी म्हणालो.

पुढच्या प्रूफात सगळी चिन्हं उलटी आली, म्हणजे बरोबर आली. मालकांनी प्रूफ दोनदा पाहिलं आणि शनिवारचा विषय पुन्हा काढला नाही. ते आठ खिळे तातोबांनी आपल्या तंबाखूच्या डबीत ठेवले, न जाणो मराठी पुस्तकात उलटे घुसायचे. पुढे सहा वर्षं ते कामावर होते.

शीर्षकाची चूक माझी होती आणि तीही सवयीचीच. मला मात्र कुणी शनिवारची भाषा केली नव्हती. तेव्हापासून एकच चूक दुसऱ्यांदा आली, की मी लाल पेन्सिल खाली ठेवतो आणि आधी उठून खिळ्यांच्या केसजवळ, कंपोझिटरच्या शेजारी जातो.