जिन्याखालच्या खोलीचा अडसर

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगतो. मी राजापूरकडचा सुतार. आमच्या वाडीत दर अमावास्येला कुणाला तरी काहीतरी दिसतं, आणि नेमकं ज्याने थोडी घेतलेली असते त्यालाच दिसतं! मी आयुष्यभर अशा लोकांची टिंगल केली. आता तुम्ही माझी करा, पण पूर्ण वाचून करा...

जेद्दाच्या जुन्या शहरात, बलदमध्ये, एका चार मजली घराच्या दुरुस्तीवर मी होतो. कुणा जुन्या व्यापाऱ्याचं घर. तळमजल्यावर जिन्याखाली एक खोली — सात फूट बाय साडेचार, आत वाकूनच शिरायचं. खिडकी नाही. ड्रॉइंगमध्ये नाव 'स्टोअर'. दाराला बाहेरून सरकता लाकडी अडसर होता, तो मोडला होता. तसाच नवा करायचा होता. कोठाराला अडसर बाहेरूनच असणार, त्यात काय विशेष?

पण दार उतरवून आडवं घातलं आणि आतली बाजू बघून मी थबकलो. खालून दीड-दोन हात उंचीपर्यंत सागवान काळपट, गुळगुळीत झालेलं. अशी झिलई रंध्याने येत नाही. माणसांच्या पाठी टेकून टेकून येते, आमच्या देवळातल्या खांबांना येते तशी. कोठारात ठेवतात ती पोती. पोती कुठे पाठ टेकतात?

दुसऱ्या दिवशी काम ताब्यात द्यायचं होतं. म्हणून दार लगेच बसवलं, नवा अडसर तेवढा बाकी होता. फटी तपासायची माझी पद्धत अशी — आपण आत बसायचं, बाहेरून दार लावून घ्यायचं, आणि जिथून उजेड येईल ती जागा आणि फट किती सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) ते बोलून फोनवर रेकॉर्ड करायचं. अंधारात लिहिणार कसं? दुपारची नमाज झाली होती, बाकीचे जेवायला गेले होते. बाहेर फक्त अब्दी. हा इथिओपियाचा, ओरोमो जमातीचा गवंडी, माझ्याच वयाचा. त्याने जुना मोडका अडसरच तात्पुरता सरकवला. मी म्हणालो, "वर उजवीकडे दोन सूत... खाली बिजागरीकडे एक सूत... अब्दी, खोल." बस. दोन मिनिटांचं काम.

दार उघडलं तेव्हा अब्दी घामाने निथळत होता.

"भाई, तुम मेरा जबान कब सीखा?"

"कौनसा जबान?"

"ओरोमो. आधा घंटा बोला तुम! मेरा दादी का माफिक, पुराना वाला. मेरा हाथ नहीं चला दरवाजा खोलने को."

मी हसलो. मग फोन बघितला. रेकॉर्डिंग एकतीस मिनिटांचं होतं.

आवाज माझाच होता. सुरुवातीला दोन सूत, एक सूत... आणि पुढे मला एक अक्षर कळेना. अब्दी थांबवून थांबवून आपल्या हिंदीत सांगत गेला. ते असं होतं —

'आईने पाण्याला पाठवलं होतं. मला उचललं तेव्हा मडकं हातातच होतं. बोटीत आम्हाला एका कुशीवर निजवलं, एकीच्या पाठीला दुसरीचं पोट. जी खोकायची तिला आजारी म्हणून समुद्रात टाकायचे. माझी बहीण खोकली. मग मी खोकला गिळायला शिकले. या खोलीत आम्ही नऊ जणी आहोत. माणसं येतात, दात बघतात, एक कमी होते. इथे मला नवं नाव दिलंय, ते माझं नाही. मी चाल्तू. दार पुन्हा लावू नका.'

इथे पूर्वी गुलामांचा बाजार होता, हे मी ऐकून होतो. ऐकलं आणि विसरलो. पण माझ्याच घशातून 'माझी बहीण खोकली' ऐकल्यावर मी फोन बंद करून खिशात घातला.

इंजिनिअरला म्हटलं, या दाराला अडसर नको. तो म्हणाला, "ड्रॉइंग में है तो लगेगा. या कफील से बात करूँ?" घरी मुलीची बारावी, इकामा म्हणजे इथला राहायचा परवाना संपायला दोन महिने, आणि तो वाढवणं कफीलच्या, म्हणजे मालकाच्या हातात... मी मुकाट्याने अडसर केला.

पण सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मुद्दाम काम चुकवलं. दांडा दोन सूत आखूड ठेवला. सरकतो, खट्ट आवाजही होतो, पण चौकटीच्या खाचेत पोहोचत नाही. दुसऱ्या दिवशी इंजिनिअरने सरकवून बघितला, "खलास, अच्छा है" म्हणाला आणि वर गेला. मी एका बोटाने दार ढकललं. उघडलं! अब्दी आत वाकून हळूच म्हणाला, "चाल्तू." मला रडू आलं, खोटं कशाला बोलू.

रेकॉर्डिंग टाका म्हणाल. फोनमध्ये आहे, पण ते पुन्हा लावायची माझी छाती होत नाही. ओरोमोचा एक शब्द मला तेव्हा येत नव्हता, आजही येत नाही. मग हे झालं कसं? मला नाही सांगता येत.

या गोष्टीला तीन महिने झाले, आणि आता एक नवीनच. लाकडाच्या भुशाने सुतार खोकायचाच, मी तर आमचा आख्खा लेबर कॅम्प उठेल असा खोकायचो. परवा व्हिडिओ कॉलवर बायको म्हणाली, "अहो, खोकला आला की तोंडात रुमाल का कोंबता? तीन महिने बघतेय मी. कुणाला घाबरता एवढं?"

मला ठाऊकच नव्हतं.