मधूची जास्वंद आणि मुंग्या

ही गोष्ट मी सात वर्षं टाळली. बायकोलासुद्धा सांगितली नाही. गेल्या महिन्यात मधूच्या मुलीचा फोन आला, "काका, बाबा गेले," तेव्हा रडू येण्याच्याही आधी मनात आलं ते हेच, की आता ऐकणाराच राहिला नाही...

मधू आणि मी एकाच कारखान्यात, एकाच सेक्शनमध्ये चौतीस वर्षं होतो. निवृत्तीनंतर अधारताल वस्तीत घरंही एकाच गल्लीत बांधली. लोक आम्हाला जोडी म्हणायचे. पण जोडीत एकाचं नाव आधी घेतात, आणि ते कायम त्याचं असायचं. साहेबांना तो आठवायचा, पंगतीत आग्रह त्याला व्हायचा. बागकाम मी त्याच्या आधी सुरू केलं होतं, तरी मंडळाच्या गणपतीला माझी फुलं ताटाच्या कडेला आणि मधूच्या दारची लाल, दुहेरी जास्वंद थेट मूर्तीच्या मस्तकावर. "मधुभाऊ, काय फूल आहे!" हे वाक्य मी वर्षानुवर्षं हसऱ्या चेहऱ्यानं ऐकलं.

ती जास्वंद त्याच्या बायकोनं, सुशीलावहिनींनी लावलेली. वहिनी गेल्यावर त्यानं त्यांच्या दोन गोष्टी जपल्या. एक हे झाड, आणि दुसरा रोज सकाळी मुंग्यांना पीठ-साखर घालायचा नेम. पीठ तो जास्वंदीच्याच बुंध्याशी घालायचा, कारण वहिनी तिथंच घालायच्या.

एका उन्हाळ्यात तो माझ्या दारात येऊन उभा. "वसंता, चल यार, बघ. माझ्या झाडाले कोणी कणीक फासून राहिलं!"

पिठ्या ढेकूण होता. कोवळ्या शेंड्यांवर आणि पानांच्या बेचक्यांत कापसासारखे पांढरे पुंजके, रस शोषल्यानं पानं आकसलेली, कळ्या गळत होत्या. मधूनं हार मानली नाही. साबणाच्या पाण्यात निंबोळी तेल मिसळून फवारलं, दात घासायच्या जुन्या ब्रशनं एकेक पुंजका खरवडला. आठ दिवस झाड बरं दिसायचं, पुन्हा पांढरं. एकदा बुंध्यावरून चढणारी मुंग्यांची रांग दाखवत त्यानं विचारलं, "ह्यांच्यामुळं तर होत नसेल ना रे?"

मला उत्तर माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी माझ्या लिंबाला हेच झालं होतं, तेव्हा नर्सरीवाल्यानं समजावलं होतं, "पहले चींटी रोको, अंकल. ये कीड़ा मीठा रस छोड़ता है, चींटी उसी के लिए इसको पालती है, जैसे अपन गाय पालते हैं." मुंग्या त्या किडीला या फांदीवरून त्या फांदीवर नेतात, तिला खाणाऱ्या ढालकिड्यांना हुसकावून लावतात. मुंग्या थांबवल्याशिवाय फवारणीचा काही उपयोग नसतो.

मी म्हणालो, "छे! मुंग्या तर कीड खातात. वहिनींचा नेम आहे, मोडू नको."

वहिनींचं नाव मुद्दाम घेतलं. त्यानंतर तो विचारणार नाही, हे मला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवसापासून त्यानं मूठभर पीठ जास्तच घातलं. त्या वर्षी मूर्तीच्या मस्तकावर माझं फूल होतं. सांगायला लाज वाटते, पण त्या दिवशी मी पोटभर जेवलो.

दिवाळीनंतर त्यानं झाड उपटलं. आधी एक स्वच्छ फांदी कापून मला आणून दिली. "तुझा हात चांगला आहे. तुझ्याकडे जगेल." जगली. खोड धरल्यावर मी त्याला प्लास्टिकची पट्टी गुंडाळली आणि तिच्यावर ग्रीस फासलं. फुलं आली तसा मधू बघायला आला. वाकला, पट्टीला बोट लावून वास घेतला. चौतीस वर्षं ग्रीसमध्ये काढलेला माणूस...

"हे काहून?"

"मुंग्या चढू नयेत म्हणून," मी म्हणालो.

तो बोटाकडे बघत राहिला. "अच्छा," म्हणाला, आणि हात रुमालाला पुसला. त्यानंतर त्याच्या दारात पीठ दिसलं नाही. त्यानं ना मला काही विचारलं, ना कोणाला सांगितलं. तेराव्याला लोक त्याच्या मोठ्या मनाबद्दल बोलत होते, आणि खरं सांगतो, तेव्हाही मला आत कुठंतरी टोचलं.

दर चतुर्थीला तो वहिनींच्या फोटोसाठी फूल न्यायला यायचा. फाटकाबाहेर थांबून विचारायचा, "नेऊ का रे एक?" स्वतःच्याच झाडाचं फूल... शेवटचा आला तेव्हा काठी टेकत आला. त्या दिवशी मी ठरवलं होतं, वाक्यही पाठ केलं होतं. मधू, मला माहीत होतं, माझं चुकलं. फूल घेऊन तो वळला.

"मधू..."

"बोल ना."

तो काठीवर भार देऊन थांबला.

"दोन ने," मी म्हणालो.