जागा स्वतःहून सोडली नाही

आमचे हे बेसबॉलच्या संघात कॅचर. म्हणजे फलंदाजाच्या मागे उकिडवं बसायचं, पिचरने फेकलेला चेंडू झेलायचा आणि पुढचा कसा टाकायचा ते बोटांनी खुणावायचं. त्या बोटांपैकी एकही आता सरळ नाही. शर्टाची बटणं मी लावते. जिना चढताना गुडघे असे कडकडतात, की कोण आलं ते दार उघडण्याआधीच कळतं.

एवढं झिजल्यावर एका संध्याकाळी संघाचे मॅनेजर घरी आले. खुर्चीत ऐसपैस बसून म्हणाले, तुझ्या जागी कुणीतरी तयार करायला हवा. नवा मुलगा हेरून ठेवलाय. मोसमभर त्याला शिकव आणि शेवटच्या सामन्यात जागा त्याला दे. वर मधाचं बोट लावलं, की नंतर धाकट्या संघाला शिकवायचं काम तुलाच. इथवर ठीक होतं. गुडघ्यांचं आम्हालाही कळत होतं. पण निघता निघता पोटातलं ओठांवर आलं.

"माइकवर तू सांगायचंस, मी स्वतःहून थांबतोय म्हणून. आम्ही काढलं म्हटलं तर लोक आमच्या नावाने शंख करतील."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गरज सरो, वैद्य मरो हे ऐकलं होतं. वैद्यानेच उठून 'मी मेलो' असं सांगायचं, ही नवीन रीत. हे मात्र "बघू" म्हणाले आणि त्यांना फाटकापर्यंत सोडून आले. त्याचा मला जास्त राग आला.

दुसऱ्या दिवसापासून तो मुलगा मागच्या अंगणात हजर. आयत्या बिळात नागोबा, म्हणून मी त्याला नागोबाच म्हणायची. हे त्याला सगळं देत सुटले. पिचर चिडला की त्याचा चेंडू उंच जातो; मग उठून त्याच्यापाशी जायचं, जेवलास का विचारायचं, पण चेंडूचं नाव काढायचं नाही. हातचं काही राखून ठेवा, असं मी भांडून सांगितलं. मग पोराने बोटं मोडून घ्यायची का, असं यांनी विचारलं. मी ताटं आपटली.

शेवटच्या सामन्याआधी यांना मैदानाच्या मधोमध उभं केलं. मॅनेजरांनी पाठीवर हात ठेवून माइक पुढे केला.

"मी थांबत नाहीये, मला थांबवलंय," हे म्हणाले. "पोरगा चांगला आहे, त्याच्यावर ओरडू नका. पण मी स्वतःहून सोडलं असं कुणी सांगितलं, तर ते खोटं आहे."

माइक बंद झाला. लोकांनी मॅनेजरांचा उद्धार सुरू केला. ते दातओठ खात यांच्याजवळ आले आणि म्हणाले, आता ते शिकवायचं काम विसर.

"ज्याला शिकवायचं होतं, त्याला शिकवून झालंय," हे म्हणाले आणि बाकावर जाऊन बसले.

ते काम मॅनेजरांच्या मेव्हण्याला मिळालं. चेंडू अंगावर आला की तो डोळे मिटतो. मॅनेजर अजूनही रस्त्यात भेटले की हसून हात करतात. हेही करतात. मी करत नाही.