कापलेली पट्टी

माझे सासरे गंगाराम, म्हणजे आमचे अप्पा, कळंबोलीच्या लोखंड बाजारात तेहतीस वर्षं वजनकाट्यावर बसले. शंका आली की ट्रक पुन्हा काट्यावर चढवायचे, मालक कितीही ओरडो. असा संशयी माणूस करंजाड्यातल्या औषधवाल्या अभयपुढे मात्र अगदी मेण व्हायचा. "डॉक्टर फाइल चाळत बसतो, अभयला माझ्या गोळ्या तोंडपाठ हायेत," हे ऐकून माझे कान किटले होते.

अप्पांच्या हृदयात कृत्रिम झडप आहे, म्हणून रोज रक्त पातळ करणारी गोळी. त्यात लघवीला जळजळ सुरू झाली. सुनेला कसं सांगणार? त्यांनी अभयला सांगितलं. त्यानं पट्टीतल्या चार कॅप्सूल कात्रीनं कापून दिल्या. तिसऱ्या दिवशी नाकातलं रक्त थांबेना.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरीणबाईंनी उपचार सुरू केले आणि विचारलं, "नवं काही घेतलंत? काही अँटिबायोटिकमुळे रक्त फारच पातळ होतं."

"अभयनं अँटिबायोटिक दिलंय," अप्पा म्हणाले. कापलेल्या तुकड्यावर नाव नव्हतं, आणि ते कळल्याशिवाय जळजळीवर पुढचं औषध ठरेना. मी अभयला फोन लावला.

"अँटिबायोटिक? नाही ओ वहिनी, ताकदीच्या गोळ्या दिल्या मी. काकांचं वय झालं, गोंधळ होतो त्यांचा."

हे मी अप्पांना सांगितलं, ती माझी चूक. ते म्हणाले, "अभय कशाला खोटं बोलंल? माझंच डोकं चालंना झालंय." नंतर त्यांनी नर्सला तीनदा तारीख विचारली. स्वतःलाच तपासत होते.

माझा संताप संताप झाला. तडक दुकानात गेले. "पट्टीचा उरलेला तुकडा काढ. नाहीतर मी इथेच बसते."

गिऱ्हाइकं बघायला लागली. अभयनं खण उघडला. सहा कॅप्सूल, वर अँटिबायोटिकचं नाव ठळक. "टेन्शन आलं ओ वहिनी. लायसन जाईल ना माझं."

अप्पा जातील याचं टेन्शन त्याला आलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी नाव पाहून जळजळीवर दुसरं औषध दिलं. संध्याकाळपर्यंत रक्त थांबलं. मग मी तो तुकडा अप्पांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावून एकेक अक्षर वाचलं.

"म्हंजे माझं डोकं ठीक हाय!" केवढे खूश झाले. मग हळूहळू चेहरा उतरला.

"अक्षता, त्यानं मला वेडा ठरवलं गं," म्हणाले, आणि लहान मुलासारखे रडले.